फिर्यादीनंतर माणसाचं काय?

(तळोदा येथील गावप्रतिनिधींच्या शिबिरात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर वाचून दाखवावा, आपल्या बोलीत सांगावा.)



आया-बहिणींनो, गावडाह्यांनो, पुजाऱ्यांनो, वनहक्क समितीच्या साथींनो,

आम्ही इथे उभे राहतो ते दरवेळी दाव्यांवर बोलायला. कुणाचा दावा उपविभागीय समितीत पडून आहे, कुणाच्या पट्ट्यावर क्षेत्र कमी लागलं, कुणाच्या पेरलेल्या शेतात फॉरेस्टवाल्यांनी खड्डे खोदले. त्यावर दुपारी बोलणं आहेच. सकाळची ही वेळ मात्र आम्ही मुद्दाम मागून घेतली. काही जुन्या साथींनी विचारलं, पोरांनो, जमिनीच्या शिबिरात हे कशाला? त्यांना आम्ही म्हटलं, आधी ऐका, मग सांगा.

धडगाव तालुक्यातली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका मुलीचा मृत्यू झाला. नोंद झाली आत्महत्येची. बापाचं म्हणणं होतं, माझ्या मुलीवर अत्याचार झाला, तिला मारलं, नीट तपासा. त्याने मुलीला अग्नी दिला नाही. खड्डा करून मिठात ठेवली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सुमारे दीड महिना. मग पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आणि सप्टेंबरात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं. त्या प्रकरणात कोण खरं कोण खोटं, ते आम्ही इथे बोलत नाही, ते कोर्टाचं काम. आम्ही विचारतो ते एवढंच, की त्या दीड महिन्यात त्या घरात माणसं कशी जेवली असतील? त्या मुलीची आई रात्री कशी झोपली असेल? बापाला कुणी सांगितलं असतं, की दुसऱ्या तपासणीची मागणी लेखी करता येते, एसपी साहेबांकडे, कलेक्टरकडे, कोर्टात, आणि लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर बाईच्या अशा मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला लागते, तर मिठाची पाळी आली असती का? कुणीतरी पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसायला हवं होतं. सरकारचं कुणी, नाहीतर आपल्यातलं कुणी.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. यात संघटनेची चूक आहे, म्हणून सांगतो. गावाचं नाव घेत नाही, काकीचंही घेत नाही.

एका पाड्यावर पावसाळ्यात दोन लेकरं तापाने गेली. बडव्याने दाणे पाहिले आणि काकीकडे बोट केलं. डाकीण. काकी विधवा, मूल एक, तीही मुलगी, लग्न होऊन गेलेली. काकीच्या नावावर तीन एकराचा वनपट्टा, आणि त्याला लागून पुतण्याचं शेत. आता तुम्ही सगळे हसताय, कारण तुम्हाला पुढचं कळलं. बोट बडव्याचं होतं, पण डोळा शेतावर कुणाचा होता ते पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकीला मारलं, घराबाहेर काढलं, कोंबड्या-बकऱ्या वाटून घेतल्या. काकी अंधारात चालत मुलीच्या सासरी गेली.

आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. सकाळी नऊला गेलो, संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसलो. काकी भिलीत बोलते, जबाब मराठीत लिहिला, आणि लिहिली ती एनसी. घरगुती भांडण, म्हणे. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आम्ही खूश. फोटो काढला. याच बुलेटिनमध्ये छापलं, 'संघटनेच्या लढ्याला यश'.

आणि मग आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. दावे होते, मोर्चा होता. काकी मुलीच्या सासरी पडून. त्या गावातही बातमी पोचलेली. हापशीवर बायका तिच्या हंड्याला हंडा लावू देईनात. जावई तोंडाने काही बोलला नाही, पण ताट वेगळं झालं. काकी जेवेना. रात्रभर दाराकडे बघत बसायची. मुलीने आम्हाला दोनदा फोन केला. आम्ही म्हटलं, तारीख लागली की सांगू. तिने तारखेसाठी फोन केलाच नव्हता.

एका रात्री काकीने फवारणीचं औषध घेतलं. घरच्यांनी तीन तास कुणाला कळू दिलं नाही. का? पोलीस केस होईल म्हणून. आधी भगत बोलावला, मग झोळी केली, झोळीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीप. काकी वाचली, ते तिचं नशीब आणि त्या रात्रीच्या एका सिस्टरची मेहनत. शुद्धीवर आल्यावर काकी आम्हाला काय म्हणाली ते आम्ही विसरू शकत नाही. म्हणाली, "पोरांनो, तुम्ही माझं नाव कागदावर लिहिलं. पण मला रात्री झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही."

म्हणून ही सकाळ मागून घेतली.

आता कायद्याचं आधी सांगतो, कारण ते माहीत नसलं की आपण दारातच हरतो.

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ चा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आपल्या सातपुड्यात डाकीण प्रथेविरुद्ध बरीच वर्षं काम करतात, तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यांचे कार्यक्रम पाहिलेत. या कायद्यात कुणाला करणी करणारी म्हणणं, तिचं जगणं मुश्कील करणं, भूत काढायचं म्हणून दोरीने-साखळीने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं गुन्हा आहे. साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रावर थांबवणं, हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. म्हणजे ठाण्यात 'एनसी घ्या' म्हणाले तर ऐकायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्या बैठकांत यावर नेहमी गोंधळ होतो. लोक म्हणतात, ॲट्रॉसिटी लावा. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने डाकीण ठरवून त्रास देण्याचं कलम आलेलं आहे, बरोबर. पण तो कायदा लागतो तेव्हा, जेव्हा त्रास देणारा आदिवासी किंवा दलित नसतो. आपलाच पुतण्या, आपलाच बडवा, तर ॲट्रॉसिटी लागत नाही. तिथे जादूटोण्याचा कायदा आणि मारहाणीची कलमं. गावाने वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा. आणि शेतमालक, मुकादम, व्यापारी, साहेब असा बाहेरचा कुणी असेल, तर ॲट्रॉसिटी नक्की. त्यात तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायची असते, मगच सही किंवा अंगठा. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळतं, सगळं निकालापर्यंत थांबत नाही. आणि साक्षीला, तपासाला जाताना प्रवासखर्च, भत्ता मागायचा हक्क आहे. आजपर्यंत किती जणांनी मागितला? हात वर करा. बघा, एकही नाही. आम्हीही मागितला नव्हता.

ऊसतोडीला, गुजरातला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दिवाळीनंतर आपली अर्धी गावं रिकामी होतात. फडावर, कारखान्यावर, सौराष्ट्रात शेतावर पोरीबाळींना काही झालं, तर मुकादम म्हणतो, गावी जाऊन बघू. गावी आलं तर ठाणं म्हणतं, जिथे घडलं तिथे जा. हे चालत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तो लिहून घ्यावा लागतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते स्पष्ट लिहिलं आहे. लिहून घेऊन कागद तिकडे पाठवणं हे ठाण्याचं काम, आपण चपला झिजवायच्या नाहीत. एफआयआरची प्रत फुकट. ठाणं घेतच नसेल तर तीच हकीकत लिहून एसपींना पोस्टाने पाठवायची, तिथेही नाही तर कोर्टात.

बलात्काराच्या प्रकरणात जबाब बाई पोलिसाने घ्यायचा, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे. दवाखाना, सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट आणि लगेच. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असं म्हणता येत नाही. मूल असेल, म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं, तर पोक्सो कायदा २०१२ चा, आणि त्यात दुभाष्या घेण्याची तरतूद आहे. ही भाषेची गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. पावरी बोलणारी पोर, भिली बोलणारी काकी, तिची हकीकत मराठीत लिहिली जाते तेव्हा निम्मी गळून जाते. मग कोर्टात वकील विचारतो, तेव्हा हे का नाही सांगितलं? सांगितलं होतं, साहेब. लिहिलं नव्हतं.

आपल्या आदिवासी मुलीचाच एक जुना खटला आहे, विदर्भातल्या देसाईगंजचा, १९७२ चा. मथुरा खटला म्हणून तो देशभर माहीत आहे. पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार होती. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, कारण काय, तर तिने विरोध केल्याच्या खुणा नाहीत. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. आज आपण जे हक्क वाचतो त्यांच्या मुळाशी आपलीच एक पोर आहे.

पैशांचं. बलात्कार, मुलांवरचा लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यासाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. २०१७ मध्ये रक्कम वाढवून जास्तीत जास्त १० लाख केली. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. आरोपी सुटो की सापडो, ही मदत वेगळी आहे. वकील लागला तर आदिवासी माणसाला उत्पन्नाची अट न लावता तो फुकट मिळतो, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे अर्ज करायचा. फोन १५१००. जिल्ह्याच्या ठिकाणी बायकांसाठी सखी केंद्र असतं. एकाच छताखाली काही दिवस राहायला, पोलीस, वकील, समुपदेशन. कागदावर चांगलं आहे. पण आपल्या वरच्या पाड्यावरून आधी तळोदा, मग तापी ओलांडून नंदुरबार. मार खाल्लेली बाई, कडेवर लेकरू, हातात भाड्याचे पैसे नाहीत. तिच्यासाठी ते केंद्र दिल्लीइतकंच लांब. म्हणून आमची मागणी अशी राहील की सखी केंद्राचं माणूस आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, तळोद्यात बसावं. निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे, सह्या करा.

आता जे बोलणार आहोत ते काही ज्येष्ठांना आवडणार नाही. रागवा, पण ऐका.

आपल्या पंचांची रीत आम्हाला प्यारी आहे. झगडा तोडायचा, दोन्ही बाजू बसवायच्या, रात्रभर बोलायचं, सकाळी एकत्र जेवायचं. बांधावरून भांडण झालं, बकरीने पीक खाल्लं, नवरा-बायकोचं बिनसलं, तिथे कोर्टापेक्षा आपले पंच बरे. आम्ही हे सगळीकडे सांगतो. पण पोरीवर अत्याचार झाला आणि झगडा तुटला पंचवीस हजारांत, तर ते पैसे कुणाला मिळाले? बापाला. काही पंचांना. काही दारूला. पोरीला काय मिळालं? ती रोज त्याच हापशीवर, त्याच रस्त्यावर त्या माणसाला बघते. तंटामुक्तीची समिती २००७ पासून गावोगाव आहे, तिलाही असला गुन्हा मिटवायचा अधिकार नाही. आणि पोक्सोमध्ये तर ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाहीतर तो स्वतः गुन्हेगार. म्हणजे असा झगडा तोडणारा पंच उद्या आरोपीच्या शेजारी उभा राहू शकतो. (सोळा-सतरा वर्षांची पोरं आपल्या राजीखुशीने पळून जातात, आणि मग बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर केस होते, या भीतीने पोरी दवाखान्यातच जात नाहीत. तो प्रश्न वेगळा आहे आणि अवघड आहे. त्यावर एक पूर्ण बैठक लागेल. आज नाही.)

पंच नकोत असं आम्ही म्हणत नाही. उलट पंचांनी पहिलं वाक्य असं बोलावं: "बाई, तू खरं बोलतेस असं आम्ही धरून चालतो. आता दवाखान्यात चल." एवढं झालं तरी पुष्कळ.

आणि हे आम्ही शहरातून शिकून आलेलो नाही. इथेच शेजारी शहाद्याला, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या काळात, आपल्या आज्यांनी काय केलं? मजुरी मागितली, गहाण गेलेली जमीन मागितली, आणि त्याच दमात दारूची मडकी फोडली. बायको मारणाऱ्याच्या दारात जाऊन बायका उभ्या राहिल्या, त्याला गावासमोर कबूल करायला लावलं. तेव्हा हेल्पलाइन नव्हती. बाईला मारलं की दहा बायका येत. जमिनीची लढाई आणि घरातली लढाई त्यांनी वेगळी केली नव्हती. आपण केली.

आता मनाचं.

मनाचा आजार म्हटलं की आपल्याकडे दोनच शब्द. एक वेडा, दुसरा बाहेरचं लागलं. मधलं काही नाहीच. पण झोप न लागणं, भूक मरणं, छातीत धडधड, काहीच नको वाटणं, कुणाशी न बोलणं, सारखं मरणाचं बोलणं, हे ताप-खोकल्यासारखंच दुखणं आहे. मार खाल्ल्यावर हाड दुखतं तसं मनही दुखतं. रेवानगर, रोझवा, नर्मदानगर, तऱ्हावद या पुनर्वसनाच्या गावांत जे म्हातारे नर्मदाकाठून आले, ते अजून बुडालेल्या गावचीच गोष्ट सांगतात. झोपेत नदीचा आवाज येतो म्हणतात. त्यांना आपण 'आजा बडबडतो' म्हणून सोडून देतो. आणि आपली तरुण पोरं? शाळा सुटली, नोकरी नाही, मोबाइलवर कर्ज, दारू. त्यांचं तर कुणी विचारतच नाही. पोरगं रडलं तर हसतात.

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाड्यापाड्यावर सांगा. जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून आता केस होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, असा माणूस भयंकर ताणात होता असं धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. जुन्या दंडसंहितेतलं ते ३०९ कलमही नव्या कायद्यात तसं ठेवलेलं नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, पोलीस येऊन विचारतात, जबाब घेतात. त्याला घाबरायचं नाही. काकीचे तीन तास या भीतीत गेले. कुणी औषध प्यायलं तर मीठपाणी पाजून, शेण पाजून उलटी करवायची नाही, त्याने जास्त वाईट होतं. कुशीवर झोपवायचं, बाटली किंवा पाकीट सोबत घ्यायचं म्हणजे डॉक्टरला कळतं काय घेतलं, आणि १०८ ला फोन करून लगेच निघायचं. गाडी येईपर्यंत झोळी चालू ठेवायची, रस्त्यावर गाठायची. आणि एक काम आधीच करून ठेवा. फवारणीचं औषध घरात खाटेखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली एकाकडे. रागाची, दुःखाची ती घडी टळली तर पुष्कळ माणसं वाचतात.

बोलण्यासाठी सरकारचा फोन आहे, टेलिमानस. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालतो, फुकट, मराठीतही बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. आम्ही स्वतः लावून पाहिला. पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती, घाई नव्हती. अडचण आपलीच, की वरच्या गावांत टॉवर नाही, आणि म्हाताऱ्यांना मराठी फोनवर जमत नाही. तेव्हा पोरांनी त्यांना टेकडीवर रेंजमध्ये न्यायचं, शेजारी बसून मध्ये सांगायचं. औषध लागलं तर जिल्हा रुग्णालयातून मिळतं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्या खान्देशात एकही नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरचे दिवस ठरलेले असावेत आणि ते दारावर लिहिलेले असावेत, ही आपली दुसरी मागणी.

भगत-बडव्यांबद्दल. आम्ही त्यांच्याशी भांडायला आलो नाही. मन बिघडलं की माणूस पहिला त्यांच्याकडेच जातो, रात्री दोन वाजताही ते दार उघडतात, हे खरं आहे. शेजारी गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' अशी सोय केली आहे. तिथे मुजावरच माणसाला बाजूच्या डॉक्टरकडे पाठवतात, श्रद्धाही राहते आणि गोळीही मिळते. आपल्या बडव्यांनी एवढंच करावं, दाणे पाहा, पण माणसाचं नाव घेऊ नका, आणि "दवाखान्यातही जा" हे तोंडाने म्हणा. एका बडव्याने आम्हाला सांगितलं की लोकच नाव मागतात, नाव दिलं नाही तर दुसऱ्याकडे जातात. म्हणजे दोष एकट्या त्याचा नाही. मात्र बांधून ठेवणं, साखळी घालणं, हे बंद. कायद्याने बंदी आहे. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, साखळीने बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने मेली. आपल्या गोठ्यात बांधलेल्या पोराचं तसं होऊ नये.

मग आपण करायचं काय? मोठं काही नाही. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुका आहे, आपल्यासारखाच आदिवासी. तिथे 'आत्मियता' नावाचं काम झालं. गावातल्याच बायका-माणसांना शिकवलं, की दुःखी माणसाचं कसं ऐकायचं, कधी दवाखान्यात न्यायचं, कुठल्या योजनेचा कागद भरायचा. त्याहून लांबची गोष्ट, आफ्रिकेत झिंबाब्वे देशात मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथल्या एका डॉक्टरने २००६ मध्ये आज्यांना शिकवलं. दवाखान्याबाहेर झाडाखाली बाक, बाकावर आजी, आणि दुःखी माणूस तिच्याशेजारी. आजी ऐकते. बस. त्याने फरक पडतो हे तपासूनही पाहिलं. आता आज्या तर आपल्याकडे आहेत ना? झाडंही आहेत, फॉरेस्टने ठेवली तेवढी.

आम्ही असं म्हणतो की प्रत्येक गावाने चार सोबती निवडावेत, दोन बाया, दोन पुरुष, त्यात एक तरी म्हातारी आणि एक तरी मोबाइल येणारं पोरगं. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात एकट्याला जाऊ द्यायचं नाही. आणि फिर्यादीनंतर पहिला महिनाभर दर तीन दिवसांनी घरी जायचं. केसचं विचारायला नाही. जेवलीस का, झोपलीस का, एवढं विचारायला. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, अत्याचार झालेल्या मुलीचं नाव कुठेही घ्यायचं नाही, छापायचं तर अजिबात नाही. फोटो आम्ही बंद केलेत. जो सोबती गोष्ट बाजारात सांगेल त्याला काढून टाकायचं, मग तो संघटनेचा कितीही जुना असो.

आणि वनहक्क समित्यांनी घरी गेल्यावर पहिलं काम करायचं. गावातल्या विधवांची यादी काढा. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असावं असं वनहक्क कायदा म्हणतो. कितींचं आहे ते बघा. नवरा वारला असेल तर वारस म्हणून बाईचं नाव लागलं का बघा. पट्टा विकता येत नाही, वारसाला जातो, हे भाऊबंदांना ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कागद पक्का असला तर बडव्याच्या दाण्यांत विधवेचं नाव कमी निघतं, असा आमचा तरी अनुभव आहे. जमिनीच्या शिबिरात हे कशाला, असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांना आमचं उत्तर हे.

नंबर परत सांगतो, भिंतीवर कोळशाने लिहा. पोलीस ११२. गाडी १०८. बाईला त्रास झाला तर १८१. मुलांसाठी १०९८. वकील १५१००. मन दुखलं तर १४४१६.

काकी आता मुलीकडेच आहे. पट्टा तिच्या नावावर आहे, या वर्षी तिने नागली आणि तूर पेरली, पेरायला आम्ही आठ जण गेलो होतो. पुतण्या बांधावर उभा राहून बघत होता, बोलला नाही. तिची कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. जीप सकाळी सहाला बसस्टँडसमोरून निघेल. काकी, तिची मुलगी आणि आमच्यातले चौघे धरून तीन जागा अजून रिकाम्या आहेत. बायका आल्या तर बरं. नावं जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर द्या.

जोहार.